खडकीचा धनराज

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडचा परिसर असो, की पुण्याजवळची खडकी असो. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, अथवा शाळा सुटून मैदान रिकामे झाले, म्हणजे मुलांना काठीची नि चेंडूची आठवण होते. एखादी वाकडी फांदी हाती लागली की ती झाली काठी, आणि चिंध्यांचा गोळा सुतळीने घट्ट आवळला की तो झाला चेंडू. एवढ्या सामग्रीवर खेळ सुरू होतो. तो कोणी शिकवावा लागत नाही, आणि सूर्य मावळल्यावाचून तो संपतही नाही.

काठीने चेंडू मारण्याचा हा छंद काही आपल्याच देशातील मुलांना आहे असे नव्हे. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथे 'हर्लिंग' नावाचा खेळ फार जुन्या काळापासून चालत आला आहे. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडापासून केलेली, टोकाशी पसरट अशी काठी घेऊन दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा गडी मैदानात उतरतात. चेंडू हवेतल्या हवेत टोलवावयाचा, हाताने झेलावयाचा, काठीवर तोलून धावत न्यावयाचा. जगातील अतिशय वेगवान मैदानी खेळांत त्याची गणना होते. १८८४ साली या खेळाची संघटना स्थापन झाली. डब्लिन शहरात तिचे मोठे मैदान आहे, आणि तेथे अंतिम सामना पाहण्यास ८०,००० हून अधिक माणसे जमतात. मौज अशी, की एवढ्या गर्दीपुढे खेळणाऱ्या गड्यांना खेळाचे वेतन मिळत नाही. कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी, कोणी कारकून. रविवारी आपल्या परगण्यासाठी तो जीव तोडून खेळतो आणि सोमवारी मुकाट्याने कामावर जातो.

आपल्याकडे या खेळाचे सर्वांत जवळचे भावंड म्हणजे हॉकी. तीतही काठी आहे, चेंडू आहे, तसाच वेग आहे. पण नियम अधिक कडक. चेंडूला हात लावावयाचा नाही, पायही लागू द्यावयाचा नाही. काठीची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असते. चेंडू मारावयाचा तो फक्त सपाट बाजूने. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे नाचवीत न्यावयाचा असेल, तर प्रत्येक वेळी काठी मनगटात उलटी-सुलटी फिरवावी लागते. धावता धावता, समोरून अंगावर येणाऱ्या गड्याला चकवीत हे करावयाचे असते. एकदा तुम्ही स्वतः करून पाहा, म्हणजे त्यातील कठीणपणा ध्यानात येईल.

ही मनगटाची किमया भारतीयांना अशी काही साधली, की १९२८ सालापासून १९५६ सालापर्यंत ऑलिंपिकमधील हॉकीचे सुवर्णपदक दुसऱ्या कोणत्याही देशाला मिळविता आले नाही. पुढे १९६४ साली आणि १९८० साली ते पुन्हा आपल्याकडे आले. एकूण ८ सुवर्णपदके झाली. परंतु मधल्या काळात खेळाचे अंगणच बदलले होते. १९७६ सालच्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर न होता कृत्रिम हिरवळीवर होऊ लागली. मातीवर चेंडू अडखळतो, उसळतो, थबकतो. तेथे कुशल मनगटाला वाव असतो. कृत्रिम हिरवळीवर तो सरळ नि सुसाट धावतो. तेथे पायांतला वेग आणि छातीतला दम यांना अधिक मोल. अशी मैदाने तयार करण्यास पैसा फार लागतो. युरोपात ती भराभर झाली, आपल्याकडे फारच थोडी झाली. माँट्रिअलला भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला, तो काही एका दिवसात घडलेला चमत्कार नव्हे.

१९८० साली मॉस्को येथे भारताने स्पेनला ४–३ असे हरवून आठवे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा खडकीतील एका मुलाला नुकतेच बारावे वर्ष पूर्ण झाले होते. म्हणजे तो तुमच्याच वयाचा होता. त्याचे नाव धनराज पिल्ले.

खडकी हे पुण्याला लागून असलेले लष्करी ठाणे. इंग्रजांच्या अमदानीत त्याला 'किरकी' म्हणत. १८१७ साली पेशव्यांची नि इंग्रजांची लढाई झाली ती येथेच. पुढे १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि त्याच्या भोवती कामगारांची वसाहत उभी राहिली. नाना प्रांतांतील कुटुंबे पोटासाठी तेथे येऊन वसली. लष्कराची छावणी जेथे, तेथे हॉकी, हे त्या काळी ठरलेलेच होते. गोऱ्या शिपायांनी हा खेळ इकडे आणला आणि छावणीच्या आसपासच्या पोरांनी तो उचलला. धनराजचे घराणे मूळचे तमिळ. वडील नागलिंगम हे मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. १६ जुलै १९६८ रोजी धनराजचा जन्म झाला. भावंडांत हा चौथा मुलगा.

घरी पाच मुलगे आणि मिळकत तुटपुंजी. अशा घरात मुलांनी खेळात वेळ दवडू नये, काही तरी कामधंदा पाहावा, असे आईने म्हटले असते तर तिला कोण दोष देणार होते? परंतु आंडाळम्मांनी तसे म्हटले नाही. पाचही मुलांना त्यांनी हॉकी खेळू दिली, खेळण्यास उत्तेजन दिले. नवी काठी विकत घेण्याचे सामर्थ्य मात्र घरात नव्हते. मोठ्या गड्यांनी मोडली म्हणून टाकून दिलेली काठी आणि झिजला म्हणून फेकलेला चेंडू, हेच या मुलांचे साहित्य. धनराज पुढे जगभर फिरला, पण आपल्या यशाचे श्रेय विचारले असता त्याने ते आईला दिले. २००७ साली त्याचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, त्याचे नावच 'आई, मला क्षमा कर' अशा अर्थाचे आहे.

कारखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात चिखल होई. काळी, चिकट माती पायाला ओढून धरी, चेंडूला धरी, काठीलाही धरी. त्या चिखलातून चेंडू पुढे न्यावयाचा म्हणजे पाय उचलून धावावे लागे आणि काठी चेंडूला चिकटवूनच ठेवावी लागे; जरा ढिलाई केली की चेंडू मागे रुतून राही. त्या काळी धनराजच्या मनात भरला होता मोहम्मद शाहिद. मॉस्कोच्या विजयी संघातील हा वाराणसीचा तरुण चेंडू नाचविण्यात असा पटाईत होता की, समोरच्या गड्याला चेंडू कोणत्या बाजूने गेला हेच कळू नये. धनराज त्याच्या खेळाची नक्कल करी. मोडक्या काठीने, चिखलात, पुन्हा पुन्हा. नक्कल करता करता त्याच्या अंगी जे आले ते मात्र शाहिदचे नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते. शाहिदच्या मनगटाला या मुलाने आपल्या पायांचा वेग जोडला.

थोरला भाऊ रमेश हा मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्याच्या संघाकडून खेळत असे. तो भारताकडूनही खेळला होता. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास धनराज त्याच्याकडे मुंबईस गेला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी हॉकीपटूला खेळाचे असे वेतन नसे. रेल्वे, विमान कंपन्या, बँका, मोठे कारखाने आपापले संघ ठेवीत आणि चांगल्या खेळाडूंना नोकरी देत. नोकरी मिळाली तर खेळ टिकला, नाही तर घरच्या अडचणींपुढे काठी कोपऱ्यात पडली. किती तरी गुणी मुलांची काठी अशी कोपऱ्यात पडली असेल! रमेशच्या देखरेखीखाली धनराजचा खेळ आकारास आला, आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या कंपनीच्या संघात त्याला जागा मिळाली. तेथे ऑलिंपिक खेळलेले जोकिम कार्व्हालो हे त्याचे मार्गदर्शक होते. चिखलातल्या पोराला शिस्तीच्या हॉकीची वळणे लागली ती तेथे.

१९८९ च्या डिसेंबरात दिल्ली येथे आशिया चषकाची स्पर्धा झाली. तीत एकविसाव्या वर्षी धनराज प्रथम भारताकडून खेळला. आता येथून पुढे त्याला अरे-तुरे करणे बरे नव्हे. देशाचा पोशाख अंगावर चढला की माणूस वयाने लहान असला तरी मानाने मोठा होतो.

धनराज पिल्ले आघाडीच्या फळीत खेळत. त्यांचा खेळ कसा होता, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. मधल्या रेषेजवळ चेंडू मिळाला की ते मान किंचित पुढे काढून, खांद्यावर रुळणारे केस उडवीत असे सुटत, की आजूबाजूचे गडी उभे राहिल्यासारखे वाटत. हॉकीत गोल करावयाचा तर प्रतिपक्षाच्या गोलाभोवती आखलेल्या अर्धवर्तुळात शिरूनच चेंडू मारावा लागतो. बाहेरून कितीही जोराने मारलेला चेंडू गोलात गेला तरी तो गोल धरला जात नाही. म्हणून त्या अर्धवर्तुळाच्या तोंडाशी बचावाचे गडी भिंतीसारखे उभे असतात. धनराज त्या भिंतीतून वाट काढीत. कधी स्वतः गोल मारीत. पुष्कळदा मात्र दोघातिघांना आपल्याकडे ओढून घेत आणि चेंडू मोकळ्या सोबत्याकडे सरकवीत. अशा वेळी फळ्यावर दुसऱ्याच्या नावाने गोल लागे. गोल मोजणाऱ्यांना हे दिसत नाही, पण बरोबर खेळणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते.

१९९४ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे विश्वचषक स्पर्धा झाली. भारत पाचवा आला. पण स्पर्धेनंतर सर्व देशांतील उत्तम अकरा खेळाडूंचा जो जागतिक संघ निवडण्यात आला, त्यात भारताचा एकच खेळाडू होता, आणि तो म्हणजे धनराज पिल्ले. पुढच्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

एशियाई खेळांत मात्र सुवर्णपदक सतत हुलकावणी देत होते. १९९० साली बीजिंगला रौप्यपदक मिळाले, १९९४ साली हिरोशिमाला पुन्हा रौप्यच. भारताने या स्पर्धेत हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते ते १९६६ साली, बँकॉक येथे. धनराजचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. योगायोग असा, की १९९८ च्या डिसेंबरात ही स्पर्धा पुन्हा बँकॉकलाच भरली, आणि या वेळी भारताचे कर्णधार होते धनराज पिल्ले.

अंतिम सामना दक्षिण कोरियाशी पडला. कोरियाचे गडी चपळ, काटेकोर आणि न दमणारे. वेळ संपली तेव्हा दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता. जादा वेळातही निकाल लागला नाही, तेव्हा 'पेनल्टी स्ट्रोक'चा मार्ग राहिला. यात दोन्ही बाजूंचे पाच-पाच गडी आळीपाळीने पुढे येतात. गोलापासून ७ यार्डांवर चेंडू ठेवलेला असतो. समोर एकटा गोलरक्षक. मारणाऱ्यास एकच फटका, अडविणाऱ्यास एकच झेप. अशा वेळी गोलरक्षकाच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. भारताचे गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी त्या दिवशी कोरियाचे फटके अडविले. भारताने ही झुंज ४–२ अशी जिंकली. ३२ वर्षांनी सुवर्णपदक परत आले.

यानंतर काय घडले असेल असे तुम्हांस वाटते? सत्कार झाले, भाषणे झाली, हे तर खरेच. पण पुढच्या मालिकेसाठी भारतीय संघ निवडला गेला, तेव्हा कर्णधार धनराज आणि त्यांचे सहा सोबती संघात नव्हते. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. परंतु लोकांना ते पटले नाही. परदेशच्या दौऱ्यात खेळाडूंना मिळणारा दैनिक भत्ता अपुरा आहे, सामन्यांचे पैसे मिळत नाहीत, सरावाच्या सोयी नाहीत, हे धनराज उघडपणे बोलून दाखवीत. त्याचेच हे फळ, असा समज सर्वत्र झाला.

धनराज यांचा स्वभाव तापट होता, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. मनात आले ते बोलून टाकावयाचे, रागही लपवावयाचा नाही आणि रडूही लपवावयाचे नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे त्यांची काही माणसे दुखावली, आणि प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच होती असेही म्हणता येणार नाही. पण भत्त्याच्या बाबतीत ते जे बोलले ते स्वतःपुरते नव्हते. जो संघाचा कर्णधार असतो, त्याला स्वतःची जागा टिकली म्हणून गप्प बसता येत नाही. निदान धनराज यांना ते साधले नाही. पुढे ते संघात परतले. देशाने त्यांना राजीव गांधी खेलरत्न हा क्रीडाक्षेत्रातील मोठा पुरस्कार दिला, आणि पद्मश्रीही दिली.

आता सिडनीच्या त्या सामन्याकडे वळू. २००० सालचे ऑलिंपिक सिडनीला भरले होते. धनराज यांचे हे तिसरे ऑलिंपिक. १९९२ साली बार्सिलोनात भारत सातवा आणि १९९६ साली अटलांटात आठवा आला होता. या वेळी मात्र आशा वाटू लागली. भारताने अर्जेंटिनाला हरविले, यजमान ऑस्ट्रेलियाशी बरोबरी साधली, स्पेनलाही नमविले. हार पत्करली ती एका कोरियाशी. गटातील अखेरचा सामना होता पोलंडशी. पोलंडचा संघ काही बलाढ्य समजला जात नव्हता. तो सामना जिंकला की उपांत्य फेरी पक्की होती, आणि १९८० नंतर प्रथमच पदकाचे दार किलकिले होणार होते.

भारताने एक गोल केला. घड्याळ पुढे सरकत होते. त्या काळी हॉकीचा सामना ७० मिनिटांचा असे. अडुसष्टावे मिनिट उलटले. भारत १–० ने पुढे. आता फक्त चेंडू आपल्याकडे ठेवावयाचा, काही नवे करावयाचे नाही. आणि सामना संपावयास जेमतेम दोन मिनिटे राहिली असताना पोलंडने मुसंडी मारली आणि चेंडू भारताच्या गोलात गेला.

१–१. बरोबरी. भारताचे नि कोरियाचे गुण सारखे झाले, पण उपांत्य फेरीत गेला तो कोरिया. पुढे त्याच कोरियाने रौप्यपदक मिळविले. धनराज यांना मैदानावर अश्रू आवरले नाहीत. त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. अकरा वर्षे ते ज्यासाठी धावले, ते दोन मिनिटांच्या अंतरावर येऊन निघून गेले होते. भारत पुन्हा सातवा आला.

या वयात पुष्कळ खेळाडू काठी खाली ठेवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. धनराज मात्र खेळत राहिले. ते इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश अशा देशांतील क्लबांकडूनही खेळत. जेथे जात तेथे लोक त्यांच्या धावण्याकडे पाहत राहत. २००२ साली जर्मनीत कोलोन येथे चॅम्पियन्स करंडकाची स्पर्धा झाली. जगातील निवडक सहा संघ तीत होते. भारताला चौथा क्रमांक मिळाला. पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती धनराज पिल्ले यांची, वयाच्या ३४ व्या वर्षी. त्यांच्याहून दहा-दहा वर्षांनी लहान असलेले गडी त्या मैदानावर होते.

त्याच वर्षी बुसानच्या एशियाई खेळांत रौप्यपदक मिळाले. नंतर २००३ च्या सप्टेंबरात क्वालालंपूर येथे आशिया चषकाची स्पर्धा आली. हा चषक १९८२ सालापासून खेळला जात होता आणि भारताला तो एकदाही मिळाला नव्हता. ज्या स्पर्धेत धनराज प्रथम भारताकडून खेळले होते, तिचा अंतिम सामना १९८९ साली पाकिस्तानने भारताविरुद्धच जिंकला होता. चौदा वर्षांनी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. पण या वेळी भारताचे कर्णधार धनराज. भारताने ४–२ असा विजय मिळविला. तेव्हाच्या संघातील कित्येक मुले, धनराज पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळले त्या वेळी शाळेत धुळाक्षरे गिरवीत असतील.

अखेरचे ऑलिंपिक २००४ साली अथेन्सला झाले. त्यांना संघात घ्यावे की न घ्यावे, यावर बराच वाद झाला. अखेर घेतले, परंतु खेळावयास थोडेच मिळाले. शेवटच्या सामन्यात, सातव्या क्रमांकासाठी कोरियाशी लढत चालू असता, त्यांना अगदी अखेरीस काही क्षणांपुरते मैदानावर पाठविण्यात आले. भारताने तो सामना जिंकला. धनराज यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा तोच शेवट. ३३९ सामने, दीडशेहून अधिक गोल. ४ ऑलिंपिक स्पर्धा, ४ विश्वचषक, ४ चॅम्पियन्स करंडक आणि ४ एशियाई खेळ. या चारही प्रकारच्या स्पर्धा चार-चार वेळा खेळणे म्हणजे पंधरा वर्षे शरीर नि मन एका मापात ठेवणे होय. ऑलिंपिकचे पदक मात्र त्यांच्या गळ्यात कधीच पडले नाही.

इतक्या मोठ्या खेळाडूला निरोप द्यावयाचा तो असा नव्हे, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले, आजही वाटते. पण खेळणे थांबले तरी हॉकी सुटली नाही. मुंबईत एअर इंडियाच्या संघाशी त्यांचा संबंध राहिला, आणि पुढे गुजरात राज्याने काढलेल्या हॉकीच्या अकादमीत लहान मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. कृत्रिम हिरवळ, नव्या काठ्या, पायांत योग्य जोडे. खडकीच्या चिखलात जे नव्हते, ते या मुलांना मिळू लागले.

२०२० सालचे टोकियो ऑलिंपिक जगभर आलेल्या साथीमुळे एक वर्ष लांबले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात झाले. तेथे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात भारताने जर्मनीला ५–४ असे हरवून कांस्यपदक मिळविले. २०२४ साली पॅरिसला स्पेनला २–१ असे हरवून पुन्हा कांस्यपदक मिळाले. मॉस्कोच्या सुवर्णपदकापासून टोकियोपर्यंत ४१ वर्षे गेली. त्या ४१ वर्षांत जी मुले भारतात हॉकी खेळली, त्यांच्यापुढे जिंकणारा संघ नव्हता. पण दूरदर्शनच्या पडद्यावर केस उडवीत, तिघा-चौघांना मागे टाकीत धावणारा एक खेळाडू होता, आणि गल्लीत मोडकी काठी घेऊन ती मुले त्याची नक्कल करीत होती.